चित्रातील धातू आणि हातातील धातू

(समाजाच्या वार्षिक संमेलनात खामगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या या संमेलनात मजसारख्या एका सामान्य व्यावसायिकास चार शब्द बोलण्याची संधी मंडळाने दिली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी शिक्षण, शिष्यवृत्त्या आणि विवाहातील खर्च अशा जिव्हाळ्याच्या प्रश्नांना हात घातला. त्यामानाने माझा विषय फार लहान आहे. संगणकाच्या पडद्यावर तांबे, पितळ, चांदी, पोलाद हे धातू हुबेहूब कसे दाखवावे, एवढाच तो विषय. असल्या विषयाचे आपल्या समाजाशी नाते काय, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु ज्या कासार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या धातूला आकार दिला, त्याच्या मुलांनी आज धातूचे केवळ चित्र काढून पोट भरावे, यात मला तरी पुष्कळ विचार करण्यासारखे दिसते. तो विचार आपणांपुढे ठेवण्याची अनुज्ञा असावी.

प्रथम माझी हकीकत थोडक्यात सांगतो. माझे आजोबा घागरी, हंडे, पराती घडवीत. वडिलांनी उमेदीची काही वर्षे हातोडा चालविला. पुढे यंत्रावरची भांडी आली, त्यामागून स्टील आले, प्लास्टिक आले, आणि आमच्या घरातील ऐरण थंड झाली. मी लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि जाहिराती तयार करण्याचा व्यवसाय करतो. मला संगणक घ्यावयाचा होता तेव्हा घरात पैसा नव्हता. वडिलांनी माळ्यावरून आजोबांच्या हातची तांब्याची मोठी घागर आणि दोन हंडे काढले, आणि ते मोडीत दिले. वजनाचे पैसे आले, त्यांत थोडी भर घालून संगणक आला. 'मोडीत निघणे' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळावयास हवा होता. तो कळला फार उशिरा.

काही वर्षांनी मंडळाने स्मरणिकेचे मुखपृष्ठ माझ्याकडे सोपविले, आणि त्यावर तांब्याची घागर असावी असे ठरले. घागरीचे छायाचित्र घ्यावे, तर घरची घागर कधीच वितळून गेलेली. बाजारात मिळते ती यंत्राची. तेव्हा मी मनाशी म्हटले, आपण ती पडद्यावर घडवू. दोन दिवस खपून चित्र सिद्ध केले, कागदावर उतरविले आणि मोठ्या अभिमानाने वडिलांपुढे धरले. त्यांनी ते निरखून पाहिले आणि म्हणाले, "बाबू, हे तांबं नाही; हा निस्ता तांबडा रंग हाये."

बंधुभगिनींनो, धातूच्या चित्राचे सर्व शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे, हे मला पुढे अभ्यास करताना उमगले. मडक्याला स्वतःचा रंग असतो. ते उन्हात ठेवा, सावलीत ठेवा, रंग थोडा उजळतो किंवा मंदावतो, एवढेच. धातूचे तसे नाही. घासलेला धातू हा आरसा असतो. त्याच्या अंगावर आपणांस जे दिसते ते बहुतांशी त्याच्या सभोवतालचे जग असते: खिडकीचा उजेड, दाराची काळोखी चौकट, समोर बसलेल्या माणसाचे धोतर. चांदी आपल्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी १०० मध्ये सुमारे ९५ भाग परत फेकते. तांबे आणि सोने प्रकाशातील निळा भाग बराचसा गिळतात, म्हणून उरलेला प्रकाश तांबूस किंवा पिवळा होऊन बाहेर येतो. काच किंवा प्लास्टिक यांवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ भाग पृष्ठभागावरून परततात, आणि ते कोणताही रंग न घेता परततात.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येईल. न्हाणीघरात लाल प्लास्टिकची बादली आणि तांब्याचा बंब शेजारी ठेवा. बादलीवरची चकाकी पांढरी दिसेल. बंबावरची चकाकी मात्र तांबूस दिसेल. धातूच्या चकाकीलाही त्याचा स्वतःचा रंग असतो, हा पहिला नियम. मी माझ्या घागरीवर पांढऱ्याशुभ्र चकाकीचा पट्टा ओढला होता. म्हणजे मी तांब्याच्या नावाखाली प्लास्टिकची बादली रंगविली होती! सावलीचेही तसेच. नवशिका चित्रकार सावलीसाठी काळा रंग मिसळतो. तांब्याची सावली गडद तपकिरी-तांबडी असते, सोन्याची सावली मातकट पिवळ्यातून तपकिरीकडे झुकते, आणि चांदीची सावली ही बहुतेक शेजारच्या वस्तूचा रंग असते.

ही अडचण काही संगणकाने निर्माण केलेली नाही. फ्लॉरेन्सच्या लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ साली चित्रकलेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात चित्रात सोन्याचा वर्ख चिकटविण्यापेक्षा साध्या रंगांनी सोन्याचा भास उत्पन्न करणाऱ्या चित्रकाराची त्याने अधिक प्रशंसा केली आहे. आपल्याकडे तंजावरच्या चित्रांत खरा वर्ख लावीत. राजा रविवर्मा यांनी मात्र दागिने आणि जरीचे काठ तैलरंगांतून उभे केले. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीजवळ गेला, आणि तेथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे महाराष्ट्रातील असंख्य देव्हाऱ्यांत पोहोचली. त्या चित्रांतील सोने म्हणजे पिवळा, तपकिरी आणि पांढरट अशा रंगांची चतुर शेजारशेजारची मांडणी आहे. संगणकावर आपण करतो ते याच परंपरेतले काम होय. साधन तेवढे बदलले.

त्या साधनाविषयी दोन शब्द सांगतो. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी रचलेली फोटोशॉप ही आज्ञावली अ‍ॅडोबी कंपनीने १९९० साली बाजारात आणली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिला 'लेअर', म्हणजे एकावर एक ठेवता येणारे थर मिळाले, आणि तेव्हापासून या कामाला खरी गती आली. काचेच्या अनेक तावदानांवर वेगवेगळे चित्र काढावे आणि ती एकावर एक ठेवून पाहावीत, अशी ही योजना आहे. फोटोशॉपला पैसे पडतात. परंतु गिम्प नावाची आज्ञावली १९९६ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, आणि मी सांगणार आहे ते जवळजवळ सर्व तिच्यात करता येते. तेव्हा गरिबीची सबब कोणा विद्यार्थ्याने सांगू नये.

सर्वांत सोपे काम पोलादाच्या घासलेल्या पत्र्याचे. मध्यम करड्या रंगाचा एक थर घ्यावा. त्यावर 'नॉइज', म्हणजे एकरंगी कणांचा शिडकावा करावा. मग 'मोशन ब्लर' या क्रियेने ते कण एकाच आडव्या दिशेने ओढावेत. क्षणात बारीक आडव्या रेघा उमटतात. पत्र्यावर पट्टा फिरवून काढलेल्या ओरखड्यांसारख्या त्या दिसतात. कडेचे कण नीट ओढले जात नाहीत, म्हणून चित्र थोडे मोठे करून शेवटी चारी कडा कापून टाकाव्यात. वरच्या थरावर काळ्या-पांढऱ्या छटांचे उभे पट्टे देऊन तो 'ओव्हरले' पद्धतीने खाली मिसळला, की पत्रा चमकू लागतो. पट्टे उभेच का? ओरखडे ज्या दिशेने असतात, तिच्याशी काटकोन करून चकाकी लांबते, म्हणून. घरी स्टीलच्या ताटलीचा तळ पाहा. त्यावर यंत्राचे गोल गोल ओरखडे असतात. म्हणून चकाकी मध्यापासून दोन्ही बाजूंस पंख्यासारखी पसरते आणि ताटली फिरविली तरी जागची हलत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे संगणकावर कोणती क्रिया वापरावी हे सांगावे लागत नाही.

चांदीचे काम याहून अवघड. आपले खामगाव रजतनगरी म्हणून ओळखले जाते. १८७० साली जलंबहून इकडे आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठी. पण आज परगावचा पाहुणा येथे आला की चांदीचे दुकान विचारतो. अशा दुकानांसाठी मी चित्रे काढू लागलो तेव्हा प्रथम करड्या रंगाच्या सौम्य छटा वापरल्या. परिणाम असा झाला की चांदीची वाटी काढावयास गेलो आणि जर्मनचे भांडे झाले! चांदी दिसते ती करडेपणाने नव्हे; लखलखीत पांढऱ्याला अगदी खेटून गडद काळे असले म्हणजे ती दिसते. छायाचित्र घेतानाही हाच अनुभव येतो. उघड्यावर चांदीचा गडू ठेवून छायाचित्र घ्या. गडूच्या पोटावर छायाचित्रकार स्वतःच कॅमेऱ्यासह उभा राहिलेला दिसेल. म्हणून मी चारी बाजूंनी पांढरे धोतर टांगले. तेव्हा गडू इतका पांढरा झाला की तो चिनी मातीचा वाटू लागला. शेवटी धोतराच्या आत काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या उभ्या केल्या, त्यांचे प्रतिबिंब गडूच्या कडांवर पडले, आणि चांदी प्रकट झाली.

परदेशी नमुन्यांतून चकचकीत धातूची अक्षरे आपणांस आयती मिळतात. त्यांत पुष्कळदा वरती निळे आकाश, मध्ये पांढरे क्षितिज आणि खाली वाळवंटाचा तपकिरी पट्टा प्रतिबिंबित झालेला असतो. आपल्या पत्रिकेवरील 'श्री'मध्ये कुठल्या तरी दूरच्या वाळवंटाचे प्रतिबिंब कशाला? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील भांड्यात उन्हाळ्याचे पांढुरके आकाश, निंबाची सावली आणि खाली कापसाची काळी माती दिसावयास हवी. मी आता माझ्या ओसरीचेच एक छायाचित्र घेऊन, ते अस्पष्ट करून, अक्षरांच्या पोटात प्रतिबिंब म्हणून वापरतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही. पण ते अक्षर त्याला ओळखीचे वाटते, असा माझा अनुभव आहे.

आता पुन्हा घागरीकडे वळू. रंग सुधारून मी दुसरे चित्र वडिलांकडे नेले. या वेळी मी घागरीवर मठारकामाचे ठोकेही दाखविले होते. पॉलिश केलेल्या हातोड्याने एकसारखे ठोके देत गेले, की प्रत्येक ठोक्याचा एक उथळ खळगा उमटतो, धातू कठीण होतो, आणि शेकडो लहान आरशांप्रमाणे भांडे झळाळते. पुण्याच्या तांबट आळीचे नाव ज्या कामासाठी झाले ते हे काम. मी आज्ञावलीतून आयता ठिपक्यांचा पोत घेऊन तो घागरीवर पसरला होता. वडील म्हणाले, "अन् हे ठोके का फोड रे? अंगावर फोड आल्यावाणी दिसते."

मी चकित झालो. पाहतो तो खरेच! प्रकाश वरून येतो असे आपला डोळा नेहमी गृहीत धरतो. म्हणून वरून उजळ आणि खालून काळा असा ठिपका फुगीर दिसतो. तर वरून काळा आणि खालून उजळ असा ठिपका खोलगट दिसतो. मी ठोक्यांना वरून उजेड दिला होता, म्हणून माझ्या घागरीला फोड आले होते. गिम्पमध्ये 'बम्प मॅप' नावाची क्रिया आहे. तिला आपण काळ्या-पांढऱ्या छटांत एक उंचसखल नकाशा द्यावयाचा. काळे ते खोल, पांढरे ते उंच. मग ती क्रिया सर्व खळग्यांना एकाच दिशेने प्रकाश देते. त्यात एक खूण उलटी केली की फोडांचे खळगे होतात! पुष्कळ जण एक खळगा काढून त्याच्या नकला फिरवून फिरवून लावतात. तसे केल्यास प्रत्येक खळग्याचा प्रकाश वेगळ्या दिशेला जातो आणि सर्व काम विसकटते. नकाशातील खळग्यांचा आकार बदलावा. प्रकाशाची दिशा बदलू नये.

तरीही एक दोष उरलाच. आयत्या पोतातील ठोके सर्व एका मापाचे होते. वडिलांनी मला घरातील एका जुन्या तपेल्यावर बोट ठेवून दाखविले: ठोके तळापासून वर ओळीओळीने चढतात, प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्यावर किंचित चढलेला असतो, पोटावर ते मोठे असतात आणि गळ्याशी जागा आवळते तेथे लहान होतात. कारागीर थकला की ठोका किंचित तिरपा पडतो. हातोडा ज्याने धरला त्यालाच हे ठाऊक. मी त्या तपेल्याची छायाचित्रे घेतली, त्यांवरून ठोक्यांचा नकाशा हाताने काढला, आणि ओसरीचे प्रतिबिंब त्या नकाशाप्रमाणे वाकविले. या वाकविण्याच्या क्रियेला 'डिस्प्लेस' म्हणतात. तेव्हा प्रत्येक ठोक्यात खिडकीचा एक बारीकसा तुकडा दिसू लागला.

तिसऱ्या वेळी मला प्रशंसेची खात्री होती. वडील बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "सारं बरोबर हाये. पण हे घागर पाण्याले गेलीच नाही कधी."

त्यांचे म्हणणे असे की, घागर वापरलेली दिसत नाही. या बाबतीत माझी गुरू झाली ती माझी आत्या. भांडे घडविण्याचे ज्ञान पुरुषांकडे होते असे मानले, तरी भांडे कसे म्हातारे होते याचे ज्ञान घरातील स्त्रियांकडेच आहे. तिने सांगितले: चिंचेने घासलेले तांबे त्या घटकेला गुलाबी दिसते आणि दुसऱ्या दिवशी काळवंडू लागते. घागरीचा काठ आणि कमरेला लागणारी बाजू वापराने गुळगुळीत व उजळ होते. ठोक्यांच्या खळग्यांत आणि काठाच्या वळणाखाली हात पोहोचत नाही; तेथे मळ साचतो आणि ओल राहिली तर हिरवट बुरशी धरते. आत कल्हई असेल तर ती पांढरट असते. पण काठाशी ती झिजते आणि खालचे तांबे डोकावते, त्यामुळे पांढऱ्याची आणि तांबड्याची सीमा सरळ रेघेसारखी कधीच नसते. आंबट ताक कळकू नये म्हणून कल्हई किती जपावी लागे, हेही तिने ओघाओघात सांगितले.

हे सर्व मी थरांत उतरविले. काळपट डागांचा एक थर 'मल्टिप्लाय' पद्धतीने घातला, आणि जेथे जेथे हात लागतो असे आत्या म्हणाली, तेथे तेथे तो पुसून काढला. हिरव्या डागांचा थर फक्त खाचांत ठेवला. येथे नवशिक्यांना एक इशारा द्यावासा वाटतो: जुनेपणा आणण्यासाठी सगळीकडे सारखे डाग शिंपडू नयेत. प्रत्येक डागाला कारण असते, आणि कारण नसलेला डाग म्हणजे केवळ घाण होय.

चौथे चित्र वडिलांच्या हाती दिले. त्यांनी तो कागद खिडकीकडे नेला, भांडे पारखताना धरावा तसा तिरपा धरला, आणि एवढेच म्हणाले, "आता तळ दाखव."

माझ्याकडे तळ नव्हता. आजोबा आपल्या प्रत्येक घागरीच्या तळाशी पोगराने ठिपके उमटवीत. ती त्यांची खूण होती. ठिपके किती होते आणि कसे मांडलेले होते, हे मी वडिलांना विचारले. त्यांनी चार सांगितले, मग पाच सांगितले, आणि मग ते गप्प झाले. जी गोष्ट आमच्या घरात माळ्यावर ३० वर्षे पडून होती, ती आता जगात कोणासही ठाऊक नाही. माझ्या सर्व आज्ञावल्या मिळूनही ते ठिपके परत आणू शकत नाहीत. हल्ली तर यंत्राला एक वाक्य लिहून दिले की ते काही क्षणांत तांब्याची घागर काढून देते. मीही काढवून पाहिली. घागर सुंदर होती. परंतु तिचा काठ कोठे वळतो आणि सांधा कोठे येतो, याचा तिला पत्ता नव्हता. जे कोणी नोंदवून ठेवलेच नाही, ते यंत्र तरी कोठून शिकणार?

या विद्येची दुसरीही एक बाजू आहे. ती सांगताना मला संकोच वाटतो. परंतु समाजापुढे उभे राहून केवळ यशाच्याच गोष्टी सांगणे योग्य नव्हे. एका व्यापाऱ्याने यंत्रावर दाबून काढलेल्या तांब्याच्या लोट्याची जाहिरात माझ्याकडे दिली आणि सांगितले, "याच्यावर ते ठोके घाला, माल उठून दिसेल." मी घातले. जाहिरात फार छान झाली. काही दिवसांनी मी त्या दुकानात बसलो असता एक वृद्ध बाई लोटा घेऊन आल्या. लेकीच्या रुखवतासाठी त्यांनी तो मागविला होता. त्या रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. जाहिरातीचा कागद काढून म्हणाल्या, "दादा, चित्रात ठोके होते, लोट्यावर नाहीत. आमच्या घरात मठारलेल्या भांड्याला मान आहे, म्हणून घेतला होता." लोटा परत घेतला गेला, पण मला मान वर करवेना. ज्या ठोक्यांवर माझे आजोबा जगले, तेच ठोके मी खोट्या मालावर चढविले होते.

तेव्हापासून मी स्वतःस एक नियम घालून घेतला आहे. पत्रिकेवरील अक्षर, दुकानाची पाटी, मासिकाचे मुखपृष्ठ यांवर धातूचा भास उत्पन्न करणे ही कला होय. तेथे कोणी फसत नाही. विकावयाच्या वस्तूच्या चित्रात मात्र वस्तूवर नाही ते दाखवावयाचे नाही. प्रकाश नीट करावा, धूळ काढावी, आजूबाजूचा पसारा पुसावा. परंतु मुलाम्याला चांदी आणि दाबकामाला ठोका म्हणून दाखवू नये. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. चित्राला हॉलमार्क नाही. त्याचा कस काढणाऱ्याच्या सचोटीवरच अवलंबून असतो. आपल्या तरुणांपैकी जे या धंद्यात आहेत किंवा येऊ इच्छितात, त्यांनी ही गोष्ट विसरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाडवडिलांनी हलके मिश्रण भारी म्हणून विकले नाही, या लौकिकावरच आपली दुकाने चालली.

आता शेवटची सूचना. पंजाबात जंडियाला गुरू नावाचे एक गाव आहे. तेथील ठठेऱ्यांच्या पितळ-तांब्याची भांडी घडविण्याच्या कलेस युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपणांस इतक्या मोठ्या गौरवाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपण एवढेच करावे: घरातील कोणतेही जुने भांडे मोडीत देण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत. मोडीत देऊच नका, असे मी म्हणणार नाही. माझा संगणक त्याच पैशांतून आला आहे, आणि घरच्या अडचणी ज्याच्या त्यास ठाऊक. पण देण्यापूर्वी अर्धा तास काढा.

भांडे ओसरीच्या सावलीत ठेवावे. उन्हात नको, आणि मोबाइलचा फ्लॅश नको. एका बाजूस पांढरे कापड, दुसऱ्या बाजूस काळे कापड धरावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी. समोरून, वरून, आतून आणि पोटाच्या पृष्ठभागाचे अगदी जवळून, अशी चित्रे घ्यावीत. काठ, कान आणि सांधा विसरू नये. आणि तळ! तळाचे चित्र अवश्य घ्यावे. मग एका कागदावर भांड्याचे नाव, वजन, ते कोणी घडविले वा कोठून घेतले, आणि त्यात काय शिजत वा भरले जात असे, हे घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारून लिहावे. घंगाळ, सट, पंचपात्री, लामणदिवा ही नावेही आपल्या मुलांना हळूहळू अपरिचित होत आहेत. अशी चित्रे मंडळाकडे जमा झाली, तर त्यांतून खऱ्या धातूच्या पोतांचा एक संग्रह सिद्ध होईल. आपल्या मुलामुलींना चित्रकामासाठी परदेशी आयत्या नमुन्यांकडे हात पसरावा लागणार नाही; आणि तो संग्रह केवळ आपल्याच समाजापुरता न ठेवता कोणत्याही विद्यार्थ्यास खुला ठेवावा, असे मला वाटते. विद्या दिल्याने उणी होत नाही. छायाचित्रे जुळविण्याचे आणि पडद्यावर ती सिद्ध करण्याचे काम मी विनामूल्य करीन, आणि शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी रविवारी दोन तास देईन.

हातोडा पुन्हा घरोघर वाजू लागेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. परंतु ठोका ओळखणारा डोळा आपल्या घरात अजून शिल्लक आहे. तो डोळा वृद्धांकडे आहे, आणि बोटांत संगणकाची कळ आहे ती तरुणांकडे. या दोघांनी एका ओसरीवर बसून एक तास बोलावे, एवढीच या व्याख्यानाची मागणी आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी आजच घरी गेल्यावर माळ्यावर चढून पाहावे आणि एखादे भांडे उलटे करून त्याचा तळ पाहावा.